लायब्ररीचे कुलूप

पीसीवर गेम खेळणाऱ्यांमध्ये एक मत फार पक्के रुजले आहे. स्टीम हे चांगले दुकान, एपिक हे पैशाच्या जोरावर गेम पळवणारे दुकान, आणि एखादा गेम एकाच दुकानात ‘एक्सक्लुझिव्ह’ ठेवणे हा ग्राहकावरचा अन्याय, असे ते मत. त्याच्या विरुद्ध दुसरे मत उभे आहे. दुकाने वाढली की स्पर्धा वाढते, स्पर्धा वाढली की ग्राहकाचे भले होते, मग तक्रार कसली? उल्हासनगरच्या एखाद्या कॅम्पात असेंबल केलेल्या पीसीवर खेळणारा कॉलेजचा मुलगा, अंबरनाथच्या एमआयडीसीतून पाळी संपवून घरी आलेला तंत्रज्ञ, बदलापूरहून रोज लोकलने मुंबई गाठणारी आणि रविवारीच काय ते खेळायला बसू शकणारी तरुणी, यांच्या बोलण्यात या दोनपैकी एक मत हमखास निघते. मला दोन्ही उथळ वाटतात.

माझे म्हणणे असे आहे. एक्सक्लुझिव्ह करार आकाशातून पडलेले नाहीत. ते दोन गोष्टींमुळे जन्माला येतात. विकत घेतलेला गेम त्या दुकानाबाहेर नेता येत नाही, ही पहिली. एकाच गेमची किंमत दुकानागणिक वेगळी पडू नये असा दबाव असतो, ही दुसरी. या दोन गोष्टी जागच्या जागी राहिल्या तर एक्सक्लुझिव्ह करार उद्या बंद झाले तरी ग्राहकाच्या हाती काही पडणार नाही. आणि दुकाने दोनाची दहा झाली तरीही पडणार नाही.

१. उल्हासनगरच्या बाजारात जे घडते ते इथे का घडत नाही

फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत आलेल्या सिंधी निर्वासितांनी उल्हासनगर उभे केले. इथल्या फर्निचरच्या किंवा कपड्याच्या बाजारात शेजारीशेजारी तोच माल विकणारी दुकाने असतात. गिऱ्हाईक एका दुकानात भाव विचारते, दुसऱ्यात जाते, परत येते. दुकानदाराला आपल्या नफ्यातले शंभर रुपये सोडायचे की नाही हे तिथल्या तिथे ठरवावे लागते. नेलेले कपाट कोणत्या दुकानातले आहे याला घरी पोचल्यावर काही अर्थ उरत नाही. पुढचे कपाट दुसऱ्या दुकानातून आणले म्हणून पहिले उघडायचे थांबत नाही.

डिजिटल गेमच्या दुकानात यातले काहीच लागू नाही. तिथे किंमत बहुतेक वेळा दुकानदार ठरवत नाही, प्रकाशक ठरवतो. दुकान फक्त विक्रीतून आपला हिस्सा कापून घेते. त्यामुळे दुकानाने हिस्सा कमी केला तरी भाव आपोआप खाली येत नाही. वाचलेला पैसा प्रकाशकाच्या खिशात जातो. शिवाय आपण घेतो तो गेम नसतो, आपल्या खात्यावर नोंदवलेला वापर-परवाना असतो. कॅलिफोर्नियात 1 जानेवारी 2025 पासून अमलात आलेल्या कायद्याने ही गोष्ट ग्राहकाला स्पष्ट सांगणे बंधनकारक केले, आणि त्याआधी काही महिने स्टीमने पैसे भरण्याच्या पानावर तशी सूचना लावली. परवाना त्या खात्याचा आणि खाते त्या दुकानाचे. म्हणजे भाव करण्याची सोयही गेली आणि माल घेऊन बाहेर पडण्याची सोयही गेली. ज्या बाजारात या दोन्ही सोयी नाहीत, तिथे ‘स्पर्धा’ हा शब्द जपून वापरायला हवा.

२. तीस टक्के, बारा टक्के आणि ग्राहकाचा वाटा

व्हॉल्व कंपनीने स्टीम सुरू केले सप्टेंबर 2003 मध्ये. पुढच्या वर्षी नोव्हेंबरात हाफ-लाइफ 2 आला, तेव्हा दुकानातून डिस्क विकत आणणाऱ्यालाही स्टीमचे खाते काढल्याशिवाय तो खेळता येत नव्हता. स्टीमचा पाया असा रचला गेला, हे आज एपिकवर रागावलेले बरेच जण विसरतात. एका गेमसाठी एका दुकानाचे दार सक्तीचे करण्याची ही मोठी सुरुवात होती, आणि ती आज ज्याला ‘चांगले दुकान’ म्हणतात त्यानेच केली.

स्टीमचा नेहमीचा हिस्सा तीस टक्के. 2018 च्या अखेरीस व्हॉल्वने बदल जाहीर केला : एखाद्या गेमची विक्री एक कोटी डॉलरच्या पुढे गेली की पुढच्या विक्रीवर पंचवीस टक्के, पाच कोटी डॉलरच्या पुढे वीस टक्के. सवलत मिळाली ती मोठ्यांना. पुण्यातल्या किंवा ठाण्यातल्या छोट्या स्टुडिओला तीसच. त्यानंतर काही दिवसांतच, 6 डिसेंबर 2018 रोजी, एपिक गेम्स स्टोअर उघडले आणि त्याने सर्वांसाठी बारा टक्क्यांचा दर लावला.

साधे गणित मांडू. कर बाजूला ठेवू. गेमची किंमत एक हजार रुपये. स्टीमवर विकला तर निर्मात्याला सातशे मिळतात, एपिकवर आठशे ऐंशी. निर्मात्याला एपिकवरही सातशेच पुरणार असतील तर तो तिथे गेम 796 रुपयांना देऊ शकतो. म्हणजे बदलापूरच्या ग्राहकाचे जवळपास दोनशे रुपये वाचायला हवेत. खऱ्या स्पर्धेची हीच खूण. असे घडले का? एकदा, अर्धवट. मेट्रो एक्सोडस 15 फेब्रुवारी 2019 ला यायचा होता. त्याच्या सुमारे अडीच आठवडे आधी तो स्टीमवरून काढून वर्षभरासाठी एपिकवर नेल्याचे जाहीर झाले. अमेरिकेत त्याची किंमत साठऐवजी पन्नास डॉलर ठेवली गेली. त्याच वर्षी सप्टेंबरात बॉर्डरलँड्स 3 सहा महिन्यांसाठी एपिकवर आला, पण किंमत साठ डॉलरच राहिली. बारा टक्क्यांचा फायदा निर्माते आणि प्रकाशक यांच्यात संपला. ग्राहकापर्यंत तो फारसा आलाच नाही.

३. एपिकला गेम विकत का घ्यावे लागले

इथे नेहमीचे उत्तर असते की एपिककडे फोर्टनाइट या स्वतःच्या गेमचा पैसा होता म्हणून. पैसा होता हे खरे, पण तो किंमत कमी करण्यावर न खर्चता गेम बांधून घेण्यावर का खर्चला? कारण नुसत्या स्वस्त दराने कुणी हलणार नव्हते. ज्याच्या स्टीम लायब्ररीत पंधरा वर्षांचे दोनशे गेम आहेत, मित्रांची यादी आहे, जतन केलेले खेळ आहेत, त्याने पन्नास रुपये वाचवण्यासाठी दुसरे घर का करावे? त्याला हलवण्याचा एकच मार्ग उरतो : त्याला हवा असलेला गेम फक्त आपल्याकडे ठेवणे.

हा मार्ग किती महाग होता याचे आकडे एपिक आणि ॲपल यांच्या खटल्यातून बाहेर आले. ॲपलने न्यायालयात मांडलेल्या कागदांनुसार एपिकच्या दुकानाला 2019 मध्ये सुमारे 18.1 कोटी डॉलरचा तोटा झाला, आणि 2020 या एका वर्षासाठी त्याने प्रकाशकांना 44.4 कोटी डॉलरच्या किमान विक्रीची हमी दिली होती. कंट्रोल या गेमच्या पीसी एक्सक्लुझिव्हसाठी सुमारे 95 लाख युरो मिळाल्याचे त्याच्या प्रकाशक कंपनीच्या हिशोबातच नोंदले आहे. आणि इतके करूनही? बॉर्डरलँड्स 3, कंट्रोल, मेट्रो, सगळे मुदत संपताच स्टीमवर आले. 2019 मध्ये एपिककडे गेलेले युबिसॉफ्ट 2022 च्या अखेरीस परतले. त्याआधी स्वतःचे ओरिजिन दुकान काढून 2011 पासून नवे गेम स्टीमबाहेर ठेवणारी ईए 2019 मध्ये परत आली होती. नोव्हेंबर 2023 मध्ये एपिकच्या अधिकाऱ्यानेच न्यायालयात साक्ष दिली की दुकान अजून नफ्यात नाही.

इतका पैसा ओतूनही ग्राहक हलत नसेल, तर स्टीमचे कुलूप किती घट्ट आहे याचा याहून मोठा पुरावा मला तरी सुचत नाही. एक्सक्लुझिव्ह करार म्हणजे त्या कुलपावर दिलेली धडक होती. धडक चुकीची होती, कारण तिने पहिल्याच्या जोडीला दुसरे कुलूप आणले. पण ‘एपिक नको’ म्हणणाऱ्यांनी पहिल्या कुलपाकडे पाहिलेच नाही.

४. लपून बसलेली अट

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे, कारण ती ग्राहकाला दिसत नाही. निर्मात्याला एपिकवर किंवा स्वतःच्या संकेतस्थळावर गेम स्वस्तात द्यावासा वाटला तर? वुल्फायर गेम्स या छोट्या अमेरिकन स्टुडिओने 2021 मध्ये सिॲटलच्या न्यायालयात व्हॉल्ववर दावा लावला. इतरत्र कमी किंमत ठेवाल तर स्टीमवरून गेम काढू, असा दबाव व्हॉल्व आणते, हा त्यातला मुख्य आरोप. व्हॉल्वला तो मान्य नाही. निकाल न्यायालयच देईल. पण नोव्हेंबर 2024 मध्ये न्यायालयाने या दाव्याला निर्मात्यांच्या सामूहिक दाव्याचे स्वरूप दिले, म्हणजे प्रश्न एका चिडलेल्या स्टुडिओपुरता उरलेला नाही. ब्रिटनमध्येही 2024 मध्ये ग्राहकांच्या वतीने 65.6 कोटी पौंडांचा दावा दाखल झाला आहे.

हा प्रकार आपल्याला परका नाही. ऑक्टोबर 2022 मध्ये भारताच्या स्पर्धा आयोगाने मेकमायट्रिप-गोआयबिबोला 223.48 कोटी आणि ओयोला 168.88 कोटी रुपयांचा दंड केला. कारणांपैकी एक होते हॉटेलांवर लादलेली किंमत-समानतेची अट : आमच्यापेक्षा कमी दरात दुसरीकडे खोली विकू नका. दुसरे होते ओयोच्या प्रतिस्पर्धी साखळ्यांना मेकमायट्रिपच्या यादीतून बाहेर ठेवणे. किंमत-समानता आणि एक्सक्लुझिव्ह हे एकमेकांना पोसतात, हे आयोगाने हॉटेलांच्या बाबतीत ओळखले. गेमच्या बाबतीत आपण अजून ‘कोणता लाँचर’, म्हणजे कोणत्या दुकानाचे पीसीवरचे ॲप, ‘चांगला’ यावर भांडतो आहोत.

५. आक्षेप

स्टीम सेवा उत्तम देते, मग त्याच्या वर्चस्वाने कुणाचे काय बिघडले? हा सर्वांत ताकदीचा आक्षेप आहे. स्टीमने नोव्हेंबर 2015 पासून भारतात रुपयात किमती दिल्या, परीक्षणे दिली, लिनक्सवर गेम चालवण्याची सोय केली. हे श्रेय त्याचेच. पण ज्या सोयीचे सर्वाधिक कौतुक होते ती, म्हणजे दोन तासांपेक्षा कमी खेळलेला गेम चौदा दिवसांत परत करण्याची, आली जून 2015 मध्ये. त्याआधी, 2013 मध्ये, ओरिजिनने आपल्या गेमसाठी परताव्याची हमी दिली होती. आणि 2014 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ग्राहक आयोगाने परतावा नाकारल्याबद्दल व्हॉल्वला न्यायालयात खेचले होते. पुढे त्या खटल्यात व्हॉल्वला तीस लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड झाला. प्रतिस्पर्धी आणि कायदा असे दोघे मागे लागले असताना ही सोय आली. मालक चांगला आहे म्हणून दार उघडे आहे यावर विसंबणे आणि दार उघडे ठेवणे त्याला भाग आहे यावर विसंबणे, यात फार अंतर आहे.

निर्मात्याला आगाऊ पैसे मिळतात, छोटा स्टुडिओ जगतो, त्याचे काय? या आक्षेपाला मी सहज बाजूला सारणार नाही, कारण आपल्याच राज्यात त्याचे उदाहरण आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’. 2017 मध्ये किकस्टार्टरवर त्यांनी लोकांकडे पैसे मागितले. उद्दिष्ट गाठले गेले नाही. पुढे त्यांना एपिककडूनच ‘अन्रियल डेव्ह ग्रँट’ मिळाली. गेम ऑगस्ट 2020 मध्ये आधी निन्टेंडो स्विचवर आला आणि ऑक्टोबरात पीसीवर. आज पीसीवर तो एकाहून अधिक दुकानांत मिळतो. म्हणजे ज्या कंपनीवर गेम बांधून घेण्याचा आरोप होतो, तिचीच ती मदत गेमला पीसीवर एका दुकानाला न बांधता मिळाली होती. पैसा आणि बंधन या दोन गोष्टी वेगळ्या करता येतात, हे यातून दिसते. एपिकने मार्च 2019 मध्ये जाहीर केलेल्या दहा कोटी डॉलरच्या मेगाग्रँट्सही त्याच धर्तीच्या. आणि जून 2025 पासून प्रत्येक गेमच्या वर्षाला पहिल्या दहा लाख डॉलरच्या विक्रीवर एपिकने आपला हिस्सा शून्य केला, तोही बांधून न घेता. छोट्या निर्मात्याला याहून अधिक काय हवे? अशी स्पर्धा हवी, हेच तर मी सांगतो आहे.

दर आठवड्याला फुकट गेम मिळतात, तक्रार का करावी? मे 2020 मध्ये जीटीए 5 फुकट मिळाला तेव्हा गर्दीने एपिकची साइट कोलमडली. ज्यांच्या घरी एका गेमला दोन-तीन हजार घालणे शक्य नाही, त्यांच्यासाठी ही भेट खरीच आहे, आणि ती घेण्यात काही गैर नाही. पण ते गेमही खात्यालाच बांधलेले असतात. जितके फुकट गेम साठतील तितके ते खाते सोडणे अवघड. स्टीमने पंधरा वर्षांत जशी लायब्ररी जमवली, तशीच एपिक पैसे खर्चून जमवतो आहे.

इथली मुले क्रॅक आणि रिपॅक, म्हणजे चोरीच्या प्रतींवर खेळतात, त्यांना या वादाशी काय देणेघेणे? उल्हासनगरात एकेकाळी सीडीचा बाजार कसा चालत होता हे सर्वांना ठाऊक आहे. पण रुपयातली किंमत, सेल आणि यूपीआय यांनी पैसे देऊन गेम घेणारा तरुण वर्ग तयार केला आहे, हे डोळे उघडे ठेवणाऱ्याला दिसेल. तो आज पहिल्यांदा लायब्ररी जमवतो आहे. तिला कुलूप कोणते लागणार हा प्रश्न त्याच्यासाठी सर्वांत निकडीचा आहे. वीस वर्षे जमवून बसलेल्या अमेरिकन ग्राहकापेक्षाही.

शेवटचा आक्षेप, की हा चैनीचा विषय आहे. असे ज्याला वाटते त्याने मोबाइलच्या दुकानदाराशी बोलावे. नवा फोन आधी फक्त ॲमेझॉनवर किंवा फक्त फ्लिपकार्टवर येतो, या तक्रारीवरून स्पर्धा आयोगाने जानेवारी 2020 मध्ये चौकशी लावली आणि 2024 मधल्या तपास अहवालात कंपन्यांवर ठपका ठेवला गेला. करार एकच आहे. तिथे माल फोन आहे, इथे गेम. फरक इतकाच की फोन कुठूनही घेतला तरी तो खिशात घालून चालू लागता येते.

६. मागायचे काय

एक्सक्लुझिव्हवर सरसकट बंदी मागू नये. ॲलन वेक 2 चा खर्चच एपिकने उचलला म्हणून तो पीसीवर फक्त एपिककडे आहे. ज्याने गेम घडवला त्याने तो कुठे विकायचा ते ठरवावे. प्रश्न तयार गेम ऐन वेळी उचलून नेण्याचा आहे, आणि तोही मी वर सांगितलेल्या दोन गोष्टी सुटल्या तर बराचसा निर्जीव होतो.

पहिली मागणी : परवाना दुकानांमधून नेता यावा. हे अशक्य आहे असे सांगितले जाते. परवाने प्रकाशकागणिक वेगळे, डाऊनलोडचा खर्च कोण सोसणार, अशी कारणे दिली जातात. अमेरिकेत 2017 मध्ये सुरू झालेल्या मूव्हीज एनीव्हेअरमध्ये एका दुकानात घेतलेला सिनेमा ॲपल, ॲमेझॉन यांसारख्या दुसऱ्या दुकानांतही पाहता येऊ लागला. गॉग या दुकानाने 2016 पासून काही काळ स्टीमवर घेतलेले निवडक गेम आपल्याकडे फुकट दिले, प्रकाशकांच्या संमतीने. म्हणजे तंत्र आहे, करारही होऊ शकतात. अडते ते दुकानाच्या इच्छेवर. मोबाइल नंबर न बदलता कंपनी बदलणेही कंपन्यांना नकोच होते. 20 जानेवारी 2011 पासून ते देशभर लागू झाले कारण नियामकाने भाग पाडले.

दुसरी मागणी : किंमत-समानतेच्या अटी बेकायदा ठरवाव्यात. यासाठी नवा कायदा यायची वाट पाहायची गरज नाही. स्पर्धा कायदा, 2002 चे कलम 3 आणि 4 अशा अटींना लागू होऊ शकतात, आणि कलम 32 नुसार भारताबाहेर झालेल्या पण भारतातल्या बाजारावर परिणाम करणाऱ्या व्यवहारांचीही चौकशी आयोग करू शकतो. मार्च 2024 मध्ये आलेला डिजिटल स्पर्धा विधेयकाचा मसुदा पुढे जाईल तेव्हा जाईल. त्यात गेमची दुकाने यावीत यासाठी कुणीतरी बोलायला हवे, कारण ॲप स्टोअर म्हटले की सर्वांना फक्त मोबाइल आठवतो.

तोवर ग्राहकाच्या हातात एक छोटी गोष्ट आहे. गेम गॉगवर मिळत असेल तर तिथला ऑफलाइन इन्स्टॉलर उतरवून स्वतःच्या हार्ड डिस्कवर ठेवता येतो. मार्च 2024 च्या अखेरीस युबिसॉफ्टने द क्रू बंद केला, तेव्हा पैसे देऊन घेतलेला तो गेम घेणाऱ्यांच्या हातून गेला. तो ऑनलाइन सर्व्हरवर अवलंबून होता. पण ज्या गेमना सर्व्हर लागत नाही त्यांची तरी प्रत आपल्याकडे असावी.

स्पर्धा आयोगाकडे माहिती दाखल करायला नुकसान झालेला निर्माता किंवा मोठी कंपनी असावे लागत नाही. डिसेंबर 2020 मध्ये ओला-उबरच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे की कोणतीही व्यक्ती ती दाखल करू शकते. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरमधल्या गेमरांनी एपिकच्या लाँचरवर खर्ची पडणारा राग त्या अर्जात घालावा.